साहेबांचा शेवटचा विलायती चेंडू

हात सरळ ठेवा आणि सैलही ठेवा, असं एका दमात सांगणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. आयुष्यात असा माणूस मला एकच भेटला आणि त्याच्यावर माझा जीव जडला, हा भाग वेगळा.

निजामाचं राज्य होतं आणि लढाईची वर्षं होती. येडशीच्या घाटात रस्त्याचं काम निघालं होतं आणि त्या कामावर मी नकाशे काढत असे. वय पंचविशीचं, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि डोकं कायम तापलेलं. आमचे इंजिनियर साहेब हैदराबादचे, विलायतेत शिकून आलेले, नोकरीची शेवटची दोन वर्षं उरलेले. स्टेशनाजवळच्या सरकारी बंगल्यात ते आणि बेगमसाहेबा राहत. विलायतेहून येताना त्यांनी गोल्फच्या सहा काठ्या आणल्या होत्या. शुक्रवारी सुट्टी असे. सकाळी सकाळी, नमाजाच्या आधी, साहेब त्या काठ्या घेऊन माळावर जात. एकट्यानं खेळायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी मला धरलं. हुकूम नव्हता, पण साहेबांनी बोलावल्यावर नाही म्हणायचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

खेळ तसा सोपा. काठीनं चेंडू मारत मारत लांबच्या एका भोकात घालायचा, कमीत कमी फटक्यांत. मधे आमचा ओढा आडवा. त्याला पाणी बेताचंच, पण गाळ गुडघाभर, आणि त्यात गेलेली वस्तू परत मिळाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

विलायतेत म्हणे भोकाभोवती मऊ गवत राखतात. आमच्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नसे. साहेबांनी कामावरच्या बायकांना सांगितलं, चाळलेला मुरूम पसरून जागा सपाट करा. आता गुळगुळीत सपाट जागा करायची एकच रीत त्यांना ठाऊक होती, ती म्हणजे खळं. त्यांनी पाणी शिंपडून, चोपणीनं चोपून, शेणानं असं काही सारवलं की दाणा टाकला तर वेचून घ्यावा. पुढच्या शुक्रवारी आम्ही जाऊन पाहतो तर भोकातल्या निशाणाच्या काठीला हळदकुंकू, बुडाशी नारळ फोडलेला. खळं म्हटलं की मधल्या मेढीची पूजा आलीच. साहेब पुढं पाऊल टाकणार, तोच बायकांची मुकादमीण आडवी आली.

"सायेब, जोडे भाईर काढा. खळ्यात जोडं घालून न्हाय जात कुणी."

मी तिच्यावर खेकसणार होतो. साहेबांनी आपल्या खिळ्यांच्या विलायती बुटांकडे पाहिलं, खाली बसले आणि नाड्या सोडायला लागले. तेव्हापासून त्या खळ्यावर ते कायम नुसत्या मोज्यांनी खेळले, आणि प्रसादाचं खोबरं खाल्ल्याशिवाय निघाले नाहीत.

माझं शिक्षण मात्र असं गोडीगुलाबीनं चाललं नव्हतं. साहेब म्हणाले, डावा हात सरळ पाहिजे. मी केला. दात आवळले, पायाची बोटं जमिनीत रोवली, काठी पहारीसारखी धरली आणि घातला घाव. चेंडू चार पावलं गेला. त्याच्यामागून उडालेलं ढेकूळ सहा पावलं गेलं.

"मियां," साहेब म्हणाले, "हाथ सीधा बोला, सूली पे चढने कू नहीं बोला. कोहनी कू ताला कायकू लगाया?"

मी कोपर सैल सोडलं. हात वाकला आणि काठी चेंडूच्या वरून वाऱ्यात फिरली. "सीधा!" साहेब ओरडले. सरळ केला. "ढीला!" सैल केला. एक काय ते ठरवा की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं, "जी हुजूर." रात्री खांदा धरून बसलो की बायको तेल चोळायची आणि तोंडातल्या तोंडात हसायची.

"चेंडू मारताय का हीर खांदताय?" तिनं एकदा विचारलंच.

मी तिला सांगितलं की हा शिकलेल्या माणसांचा खेळ आहे, तिला त्यातलं काही कळायचं नाही. ती मुकाट्यानं चोळत राहिली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

लढाईमुळं विलायती माल बंद झाला होता. साहेबांचे चेंडू एकेक करत ओढ्यानं गिळले आणि शेवटी एकच उरला. तो त्यांनी मखमलीच्या बटव्यात ठेवला. खेळायला गावच्या सुतारानं बाभळीच्या गाठीचे चेंडू घडवून दिले. ते जेमतेम गोल होते, पण साहेबांना तेवढं पुरे. लाकडी चेंडूवर साहेबांचा हात असा फिरायचा की पाहत राहावं. पाचातले तीन ओढ्यापार जात. पण कधीमधी ते बटवा उघडत, खरा चेंडू मातीवर ठेवत, काठी उचलत, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाचं लाकूड होई. खांदे कानाशी येत, कोपर बरगडीला चिकटे, हात आखडून निम्मा होई. मग ते काठी खाली ठेवत आणि चेंडू पुसून परत बटव्यात घालत. त्या सगळ्या काळात तो चेंडू त्यांनी एकदाही मारला नाही.

नोकरीचे शेवटचे महिने आले तेव्हा एका शुक्रवारी ते ओढ्याच्या काठावर बसले आणि म्हणाले, "जाने से पहले ये गेंद नाले के पार मारूंगा. नहीं तो ये काठियां इधरीच छोड के जाऊंगा. जो आदमी एक गेंद से डरता, उसने खेलना कायकू?"

मी हसण्यावारी नेणार होतो, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसू विरलं. आयुष्यभर आवडलेली एक गोष्ट हा माणूस भीतीपायी टाकून देणार होता, आणि हे त्याला स्वतःलाच सहन होत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

हुरड्याच्या दिवसांत माझ्या सासऱ्यांनी साहेबांना बेंबळीच्या शेतावर बोलावलं. साहेब, बेगमसाहेबा, आम्ही दोघं, असे बैलगाडीनं गेलो. आगटीभोवती सगळे बसले होते. गरम हुरडा, तिळाची चटणी, दही, आणि बोलण्याला लगाम नाही. इतक्यात पाखरांचा थवा ज्वारीवर उतरला. शेतातल्या उंच माळ्यावर राखणीला कुणी नव्हतं. माझी बायको उठली, पदर खोचला, माळ्यावर चढली आणि गोफण फिरवली. दोन गरके, आणि दगड सणसणत पार शेवटच्या बांधापर्यंत गेला. पुन्हा एक. पुन्हा एक.

साहेबांच्या हातातला हुरडा हातातच राहिला. ते उठून माळ्याखाली जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "पूछो उसको, हाथ इत्ता सीधा कैसा रखती?"

मी जरा ऐटीत प्रश्न पोचवला. बायकोनं वरून आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही भाकरी कशी खातात ते विचारलं.

"म्या कुठं सरळ ठिवते? दगूड वडतो, हात त्येच्या मागं जातो."

"और पकडती कित्ता?"

"सुटंल येवढंच. लई आवळलं तर दगूड म्होरं जात न्हाय सायेब, आपल्याच टाळक्यात येतो."

मग साहेबांनी पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलून विचारलं, "दगड गया तो? डर नहीं लगता?"

"रानात दगडाला काय तोटा हाय?"

"मेरे पास एकच है, बेटी."

चेंडूची गोष्ट तिला माझ्याकडून ठाऊक होती. तिनं गोफण गुंडाळली आणि म्हणाली, "मंग त्यो गेलाच असं समजा, आन् मारा."

त्यावर साहेबांनी गोफण मागून घेतली आणि फिरवली. दगड मागं गेला आणि सासऱ्यांची ताकानं भरलेली मातीची कळशी फुटली. बेगमसाहेबांना हसू आवरेना. सासरे तर इतके खूश झाले की पुढं वर्षभर फुटक्या कळशीचं खापर येईल त्याला दाखवत होते.

निरोपाची सकाळ उजाडली. सामान बैलगाडीनं स्टेशनात जाऊन गाडीत चढलंसुद्धा होतं. छोटी गाडी फलाटावर उभी राहून पाणी घेत होती. माळावरून स्टेशन स्वच्छ दिसे. साहेब शेरवानी घालून माळावर आले. बेगमसाहेबा, मी, माझी बायको, कामावरच्या बायका, सगळे होतो. साहेबांनी शेरवानी काढून माझ्या हातात दिली, बटवा उघडला आणि चेंडू मातीवर ठेवला.

खांदे वर चालले होते. मला ते दिसलं आणि माझ्याच मानेत कळ आली. साहेब थांबले. त्यांनी श्वास सोडला आणि चेंडूकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, "गया."

काठी वर गेली. डावा हात वर जाताना थोडा वाकलाच होता. मी नकाशे काढणारा, असल्या रेषा माझ्या नजरेतून सुटत नाहीत. काठी खाली आली आणि हात आपोआप, चेंडूच्या मागोमाग, पुरता लांब झाला. तो त्यांनी केला नव्हता, तो झाला. चेंडू ओढ्यावरून जाऊन पलीकडच्या ज्वारीच्या कापलेल्या धसकटांत पडला. मुकादमिणीनं कडाकडा बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली.

एक गडी चेंडू घेऊन आला. आता साहेब तो बटव्यात घालतील, म्हणून मी बटवा उघडून धरला. त्यांनी चेंडू पुन्हा मातीवर ठेवला आणि मारला. पार गेला. परत आला, परत मारला. गाडीनं शिटी दिली.

"गाडी!" बेगमसाहेबा ओरडल्या.

"दूसरी आएगी," साहेब म्हणाले आणि चौथ्यांदा मारला.

सातवा की आठवा फटका असेल. चेंडू ओढ्याच्या ऐन मध्यावर पडला आणि गाळानं तो गिळला. मी शेरवानी बायकोकडे फेकली आणि ओढ्यात उतरलो. दोन्ही हात खांद्यापर्यंत चिखलात घालून चाचपायला लागलो. तो चेंडू मला सापडायलाच हवा होता, साहेबांसाठी. मागं कुणीतरी खदाखदा हसत होतं. वळून पाहिलं तर साहेब. बूटमोज्यांसकट चिखलात उतरून ते माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी मला दंडाला धरून वर ओढलं.

"छोडो मियां," ते म्हणाले, "बहोत अच्छा खेला वो."

ते हसत होते आणि मला रडू येत होतं. तिकडं गाडी साहेबांचं सगळं सामान घेऊन निघून गेली. ते पाहून बेगमसाहेबाही हसायला लागल्या आणि मग सगळा माळच हसायला लागला. त्या रात्री ते दोघं आमच्या घरी पिठलं-भाकरी जेवले. साहेबांना माझं धोतर आखूड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी वेळेवर पकडली. काठ्यांची पिशवी उचलायला हमाल पुढं झाला, तर त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. ती स्वतःच्याच खांद्याला अडकवून ते गाडीत चढले.