कॉलरवरचा चेहरा

काचकाकांना रस्त्यावरून चालताना बघितलं, तर कुणालाही वाटावं, या माणसाला काही कामधंदा नाही. हात मागे बांधलेले, मान जराशी कलती, आणि चाल अशी की मागच्याने वैतागून पुढे निघून जावं. प्रत्यक्षात ते तेव्हा कामावर असत. जुन्या फरसबंदी रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानाची शोकेस ते लावायचे, आणि त्यांची एक पद्धत होती. नवी शोकेस लावून झाली की मागच्या दाराने निघायचं, वळसा घालून घड्याळाच्या मनोऱ्यापाशी जायचं, आणि तिथून परक्या माणसासारखं रमतगमत खाली यायचं. आपल्या काचेपाशी पाय आपसूक थांबले तर ठीक, नाहीतर पुतळे खाली, कपडे खाली, पुन्हा पहिल्यापासून. वाटेत कुणी ओळखीच्याने हाक मारली की सगळं मुसळ केरात! परका माणूस होणं खायचं काम नाही.

रस्ता म्हातारा, पण हौशी. कंदील गेले, विजेचे दिवे आले. घोडागाड्या गेल्या, मोटारी आल्या. मग मोटारींनाही हाकललं आणि रस्ता नुसत्या चालणाऱ्यांचा झाला. तेव्हा काकांना आभाळ ठेंगणं झालं होतं. आता काय, सगळं गाव टंगळमंगळ करत आपल्या काचेपुढून जाणार! गाव आलं, झुंडीने आलं, पण मोबाइलमध्ये डोकं खुपसून. शोकेसमध्ये खराखुरा हत्ती उभा केला असता तरी कुणी मान वर केली नसती.

दुकानाच्या मालकीणबाई तरुण होत्या. वडिलांच्या काळात पुतळ्यांच्या खोक्यांत लपाछपी खेळलेल्या. त्यांनी काकांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, आणि शोकेसच्या जागी हलत्या चित्रांचा मोठा विजेचा पडदा लावायचा विचार सांगितला. मग म्हणाल्या, "काका, काचेपाशी थांबलेली माणसं दाखवा, मी पडद्याचं नाव काढणार नाही." बोलण्यात वावगं काहीच नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. शोकेस गेली तर आपण कोण, हे काकांना माहीत नव्हतं. त्यांना चक्क भीती वाटली.

मग ते काचा सोडून माणसं बघत फिरू लागले. माणसं थांबत होती एकाच ठिकाणी: बंद पडलेल्या बँकेच्या अंधाऱ्या काचेपाशी. तिथे काय होतं? काही नाही. केस नीट करायचे, पोट आत घ्यायचं, चालू पडायचं. काकांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा काकू दुकानातल्याच एका पँटचे पाय आखूड करत बसल्या होत्या. दाताने दोरा तोडत त्या म्हणाल्या, की त्यात नवल कसलं, लोक फोनमध्येसुद्धा स्वतःलाच बघतात.

काकांनी दुसऱ्या दिवशी पुतळे माळ्यावर टाकले. मागे काळं कापड लावलं, मोठे दिवे काढले, आणि बारीक तारांनी नुसते कोट टांगले. कुणी उंच, कुणी मध्यम, एक तर चिमुरड्याच्या मापाचा. उजेड फक्त कोटांवर. बाहेर उभं राहिलं की काचेतला आपलाच चेहरा बरोबर कॉलरवर बसायचा. मनोऱ्यापासून खाली येताना काकांचे स्वतःचे पाय थांबले. करड्या कोटात एक रुबाबदार गृहस्थ त्यांच्याकडे बघत होता, आणि तो कोण हे ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

दोनच दिवसांत काचेपुढे रांग लागली. लोक फोटो काढत होते, एकमेकांना ढकलत होते, आत येऊन कोट मागत होते. मालकीणबाईंनी पडदा रद्द केला. वर कौतुकाने म्हणाल्या, "आता ही शोकेस कधी बदलायलाच नको. स्वतःला बघायचा कंटाळा कुणाला येतो? तुम्ही आता निवांत फिरा, काका."

जिंकलेला माणूस हरल्यासारखा घरी आला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग उद्या मला घेऊन चला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं एकटेच फिरलात."

खरंच होतं. बायको बरोबर असली तर माणूस परका कसा व्हायचा?

दुसऱ्या संध्याकाळी काकू निघाल्या आणि प्रत्येक काचेपाशी थांबल्या. चष्मे बघितले, टोप्या बघितल्या, कुलुपांच्या दुकानासमोर तर इतक्या रेंगाळल्या की काकांना हसू आलं. जन्मभर ज्या गिऱ्हाइकाची त्यांनी वाट बघितली, ते घरी पँटी आखूड करत बसलं होतं.

कोटांपाशी काकू अगदी काचेला लागून उभ्या राहिल्या. मोठ्यांच्या कॉलरी त्यांच्या डोक्यावरून गेल्या आणि चिमुरड्याचा कोट कमरेशी राहिला. त्या डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या, हळूच टाचा उचलून बघितल्या. मग "छान आहे हो" म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

त्या "छान"ने काकांच्या काळजात कळ आली. रस्त्यावरच्या यच्चयावत परक्यांची उंची त्यांनी नजरेने मोजली होती. त्यांनी काकूंना परत बोलावून काचेसमोर उभं केलं, आत गेले, चपला काढून शोकेसमध्ये चढले आणि जांभळ्या कोटाची तार सैल करू लागले. थोडी खाली, आणखी थोडी. बाहेर काकूंचा हात आपसूक गळ्याशी गेला, कॉलर नीट करायला.

मालकीणबाईंनी आतून विचारलं, "काका, आता काय राहिलं?"

"एक माणूस राहून गेलं होतं," काका म्हणाले, आणि तार घट्ट बांधली.