ठेच्याचा घास
रस्त्यात कुठे आगटी पेटलेली असली आणि भाजत्या कणसांचा वास आला, की मला शेवगावजवळच्या माझ्या दिरांच्या शेतावरची एक हुरड्याची सकाळ आठवते. माझी लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, बोलता येत नाही, घास मऊ करूनच भरवावा लागतो. 'हो' म्हणायला ती डोळे वर करते, 'नाही' म्हणायला घट्ट मिटते. त्या दिवशी कोवळ्या उन्हात सगळे गरम हुरडा चोळून खात होते आणि तिच्या खुर्चीपुढे मी नेहमीचा दूधभाताचा डबा उघडला. तिने डोळे मिटले, तोंडही मिटलं. "वैनी, हिला दुसरं कायतरी पायजे," म्हणत दीर तिच्यासमोर एकेक वाटी धरू लागले. गुळाला नाही. दह्याला डोळे वर. ठेच्याला तर डोळे पार कपाळात! तिला ठसका लागेल म्हणून मी घाबरले होते. तरी हुरडा खलबत्त्यात बारीक कुटला, दह्यात कालवला, किंचित ठेचा घातला आणि तिला ताठ बसवून चमचा ओठांशी नेला. तिने सावकाश गिळलं. डोळ्यांत पाणी तरारलं आणि ती खदखदून हसली. "लई तिखट हाय का गं?" दिरांनी विचारलं. तिने डोळे घट्ट मिटले, मग वाटीकडे बघून तोंड उघडलं. आता आमच्या घरात तिला काय वाढू, असं कुणी मला विचारत नाही. सरळ तिच्यासमोर जाऊन बसतात आणि तिच्या डोळ्यांकडे बघतात.