कागदावर चालणारी गोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या डॉक्टरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — त्यामुळे जरा सोपं जातं.

मी नागपूरचा. २०१६ मध्ये कॅनडातल्या कोक्विटलामला एका बेसमेंटमध्ये एकटा राहत होतो. ऑफिसात इंग्रजी, ग्रोसरीच्या दुकानात इंग्रजी, आणि घरी आल्यावर बोलायचं कुणाशी — फ्रिजशी? अशात एका क्लबच्या शूटिंग रेंजवर सहज बघायला गेलो, तिथे डॉक्टर भेटले. निवृत्त सर्जन, ऐन तरुणपणी कॅनडात आलेले, आणि आमच्या मराठी मंडळातले एकमेव शिकारी. गणपतीच्या जेवणाला लोक त्यांच्यापासून थोडे लांबच बसायचे. मला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी ‘अरे शिरीष’ अशी हाक मारली. मला ‘अरे’ म्हणणारं तिथे दुसरं होतंच कोण?

रायफल धरायला त्यांनीच शिकवलं. काडतुसांचा नाद मात्र माझा स्वतःचा. इंजिनिअर पडलो ना — गोळीचं वजन, वेग, वाऱ्याने ती किती ढळते, सगळं कॉम्प्युटरवर मांडून बसायचो. क्लबची मैदानी स्पर्धा असायची: डोंगरउतारावर कधी गुडघा टेकून, कधी दगडाच्या आधाराने दूरच्या लोखंडी पाट्या पाडायच्या. त्यासाठी मी खास स्पर्धेची गोळी निवडली होती. रेंजवर निशाणाच्या कागदावर तिची भोकं एकमेकांना चिकटून पडत. त्या वर्षी माझा नंबर आला, आणि डॉक्टर क्लबभर ‘हा आमचा मुलगा’ म्हणून सांगत फिरले. मी किती खूश झालो होतो, ते लिहायलाही आता लाज वाटते.

नोव्हेंबरात त्यांनी मला हरणाच्या शिकारीला न्यायचं ठरवलं. आधी घरी बोलावून काडतुसांचा एक डबा हातात दिला.

“हे बघ, ही हंटिंगची गोळी. टोक मऊ असतं. आत गेली की फुलते, जनावर तिथल्या तिथे जातं. तुझी ती मॅचची गोळी पेपरसाठी फर्स्ट क्लास आहे रे, पण डिअरवर नाही वापरायची. सुईसारखी आरपार गेली, तर ते बिचारं तासन्‌तास तडफडत राहतं. प्रॉमिस कर.”

मी मान डोलावली. मग रेंजवर जाऊन त्या गोळ्या झाडून पाहिल्या. भोकं तळहाताएवढ्या जागेत विखुरली. हरणाचं मर्मस्थान जेवणाच्या ताटाएवढं असतं, म्हणजे तेवढी अचूकता पुरून उरली असती. पण मला ते विस्कटलेले ठिपके बघवेनात. उंटावरचा शहाणा! मी रायफलीत माझीच गोळी भरली. एकदा आत गेलं की काडतूस बाहेरून दिसत नाही. कोणाला कळणार होतं?

मेरिट गावाच्या पुढे, डोंगरात, ताजा बर्फ पडलेला. डॉक्टरांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते खाली एका ओंडक्यावर बसले. मी थोडा वर गेलो. ओढ्यापलीकडे नर उभा होता. मी बार काढला. तो उसळला आणि झाडीत शिरला.

डॉक्टरांचा एक नेम होता — नेम लागो वा हुको, जनावर उभं होतं त्या जागी जाऊन बघायचंच. केस, रक्त, काहीही. त्यात सूट नाही. त्यांना ओढा ओलांडता येणार नव्हता. म्हणाले, “तू जाऊन ये, मी थांबतो.”

मी गेलो. बर्फावर रक्त होतं.

ते मी बुटाने बर्फ ओढून झाकलं.

परत येऊन म्हणालो, “हुकली.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थर्मासमधला चहा दिला. म्हणाले, “बरं झालं. वूंड करण्यापेक्षा क्लीन मिस केव्हाही चांगला.” मी तो चहा प्यायलो. सगळा.

का केलं? हरीण सापडलं असतं, तर सोलताना ते आरपार गेलेलं बारीक भोक त्यांनी पाहिलं असतं. सर्जन माणूस, एका नजरेत ओळखलं असतं. मग ते मला पुन्हा बरोबर नेणार नाहीत, ‘अरे’ म्हणणार नाहीत — एवढीच भीती. ही सबब नाही. मनात तेवढंच होतं.

गंमत बघा, ज्यासाठी खोटं बोललो तेही टिकलं नाही. त्यांच्यासमोर बसवेना, म्हणून मीच ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून त्यांना टाळू लागलो. पुढच्या वर्षी ते मुलीकडे टोरोंटोला गेले. जाताना सगळी कागदपत्रं रीतसर करून आपली रायफल मला देऊन गेले. “त्या दिवशी ओढा ओलांडून बघायला गेलास ना, तेव्हाच ठरवलं होतं,” म्हणाले. ती कपाटात कुलपात आहे. त्यांचा डबाही तिथेच आहे. रविवारी त्यांचा फोन येतो. “जातोस ना रे?” विचारतात. मी “हो” म्हणतो. मी त्यानंतर कधीच गेलेलो नाही.

पण हेही पूर्ण खरं नाही. रक्त झाकलं ते परत येताना. त्याआधी मी त्या रक्तामागून झाडीत गेलो होतो. हरीण फार लांब गेलंच नव्हतं. रोपट्यांच्या आडोशाला बसलं होतं, मान वर, माझ्याकडे बघत. रायफल माझ्या हातात होती, आत काडतूस होतं. एका गोळीचं काम होतं.

दुसरा बार डॉक्टरांना ऐकू गेला असता.

मी रायफलीचा सेफ्टीचा खटका लावला आणि मागे फिरलो. ते उठायचा प्रयत्न करत होतं.