पाहिलंस, की गणित सांगतं?

मलावी सरोवराच्या काठी आमचं मासे संशोधन केंद्र आहे. तिथले अहवाल इंग्रजीत जातात आणि गेली सव्वीस वर्षं ते तडाला आमायी तपासतात; आमायी म्हणजे आमच्याकडे वडीलधारी बाई. शास्त्रज्ञ येतात, जातात. आमायींचा लाल पेन जागचा हलत नाही. मी केंद्राचा ड्रायव्हर. माझं निम्मं आयुष्य त्या पेनाची वाट बघण्यात गेलं. आमायींचा प्रश्न एकच, "पाहिलंस, की गणित सांगतं?" गणिताचं असेल तर वाक्यात तसं लिहायचं, नाहीतर वाचणारा अंदाजालाच घडलेली गोष्ट समजतो.

त्या दिवशी चारच्या आत अहवाल तालुक्याच्या कचेरीत पोचवायचा होता. दक्षिणेच्या खाडीत मासेमारी बंद करायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं. त्याच खाडीत आमायींच्या भावाची, मावुटोची होडी चालायची.

"खाडीत चांबो माशाची पिल्लं जगत नाहीत," आमायींनी वाचलं. "वोंगानी, पाहिलंस?"

"नाही, आमायी. सिद्धांतावरून निघतं तसं," तरुण शास्त्रज्ञ वोंगानी म्हणाला.

"मग 'सिद्धांतानुसार जगणार नाहीत, असा अंदाज आहे' असं लिही ना!"

"वा! नुसत्या अंदाजावर कोण बंदी घालणार? भावाची होडी वाचली म्हणायची!" वोंगानी म्हणाला.

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आमायींनी नुसता चष्मा पुसला, दोनदा. खरं म्हणून खोडलं की भावासाठी, हे बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं.

तीन वाजले. शेवटच्या पानावर त्या अडल्या. "'मच्छरदाणीची जाळी वापरली जात असावीत.' हाही सिद्धांत का?"

वोंगानी बाकीची पानं जुळवू लागला.

"पाहिलंस का, विचारतेय."

"पाहिली. अकरा होड्यांवर, मोजून." मग हळूच म्हणाला, "एक मावुटोमामांची. तुम्ही वडीलधाऱ्या, तुमच्या तोंडावर कसं लिहू?"

अशा बारीक जाळ्यात पिल्लंही अडकतात, म्हणून ते सापडलं की होडी जप्त होते. आमायी, उलटा ते पान, मी मनात म्हणत होतो.

त्यांनी 'असावीत' खोडलं आणि 'अकरा होड्यांवर आढळली' असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, म्हणून पुन्हा नीट लिहिलं.

मी कागद घेतले. "मावुटोला फोन करू का?"

"नको. जाळं लपवेल." त्या खिडकीकडे वळल्या. "रविवारी मक्याच्या पिठाचा न्सिमा खायला बोलावलंय त्याने. मासे तो स्वतः पकडून आणणार होता. जा तू, चार वाजतील."