फौजेच्या डेपोतून आलेला माणूस

कुंभवलीच्या रस्त्याला लागून आमची रंग बनवायची फॅक्टरी होती. तिथल्या स्टोअरमध्ये मला अकरा वर्षं झाली होती तेव्हा आमचे जुने स्टोअरकीपर निवृत्त झाले, आणि त्यांच्या खुर्चीवर आता मीच बसणार हे मी धरूनच चालले. माझ्याइतकं ते स्टोअर कुणाला ठाऊक होतं? नटबोल्टपासून मोटरीपर्यंत कुठली वस्तू कुठल्या फळीवर, कुठल्या डब्याच्या मागे आहे हे सगळं माझ्या डोक्यात होतं. कागदावर फारसं काही नव्हतंच. उत्तरेकडचा आमचा फिटर खिडकीशी येऊन नुसतं "दीदी" म्हणायचा आणि मी उठायचे. मी रजेवर गेले की दोन-दोन तास शोधाशोध चालायची. परत आल्यावर त्या फजितीच्या गोष्टी ऐकताना मला फार बरं वाटायचं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हे कबूल केलं नसतं.

एका सोमवारी मॅनेजर एका माणसाला घेऊन आले. पन्नाशीचा, काळासावळा, ताठ, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. "हे नायब सुभेदार होते. सगळी नोकरी फौजेच्या सामानाच्या डेपोत झाली. आजपासून स्टोअर यांच्याकडे. तुम्ही यांना सगळं दाखवा."

मी दाखवलं. म्हणजे जेवढं विचारलं तेवढंच दाखवलं.

मला वाटलं होतं हा कुणी घाटावरचा असेल. पण तो आमच्याच किनाऱ्यावरचा निघाला, मच्छीमाराच्या घरातला. मी केळव्याची, घरची नारळ-सुपारीची वाडी. त्याचं गाव आमच्यापासून फार तर दोन तासांच्या वाटेवर. वीस-पंचवीस वर्षं देशभर फिरूनही त्याची बोली सुटली नव्हती. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बाय, तुमी इतकी वरसं हाव इथं. आमी तुमच्याकडूनच शिकनार."

त्या नम्रपणानंच माझं डोकं उठलं.

महिनाभरात त्याने स्टोअरची उलथापालथ केली. प्रत्येक फळीला नंबर, प्रत्येक खणाला पत्र्याची छोटी पाटी, पाटीमागे एक कार्ड. किती आलं, किती गेलं, किती उरलं ते कार्डावर. "आपन दोघं मेलो तरी फिटरला सामान भेटला पायजे," असं तो हसत म्हणायचा. आणि खरंच, फिटर आता खिडकीशी येऊन "दीदी" म्हणेनासा झाला. तो सरळ आत यायचा, नंबर बघायचा, वस्तू उचलायचा, सही करायचा आणि जायचा. माझ्याकडे मान वळवायचंही त्याला कारण उरलं नाही. अकरा वर्षं जे माझ्या डोक्यात होतं ते या माणसाने पत्र्याच्या पाट्यांवर काढून टाकलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे दुपारची सुट्टी. आधी बेटेगावच्या पॅकिंगच्या बायका डबे घेऊन माझ्या टेबलाशी बसायच्या. आता त्या सुभेदारांभोवती बसू लागल्या, फिटरही, आणि रिअ‍ॅक्टरवरचा म्हातारा कामगारही. रंग उकळायच्या त्या बंद टाकीवरचा हा कामगार बेटेगावचाच, डोंगराकडेला थोडीशी पावसावरची शेती असलेला, एरवी कुणाशी न बोलणारा. तोसुद्धा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहायचा.

सुभेदार सांगायचे फौजेच्या सामानाची गोष्ट. कंपनी सरकारच्या वेळी म्हणे बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन वेगळ्या फौजा होत्या आणि तिन्हींची कोठारं वेगळी. एकीचा गोळा दुसरीच्या तोफेला बसेलच असं नाही. मग कधीतरी गोऱ्यांना कळलं की असं चालायचं नाही, आणि तिन्ही कोठारं एका खात्याखाली आणली. पुढे मोठ्या लढायांत हे खातं एवढं वाढलं की लढणाऱ्यापेक्षा सामान मोजणारेच जास्त झाले की काय असं वाटावं.

"आनि फाळनी झाली ना," ते म्हणाले, "तवा मानसांसारकी सामानाची पन वाटनी झाली. आमचे उस्ताद तवा पोऱ्येच होते भरतीचे. खुर्च्या, तंबू, गाड्यांचे टायर, सगला मोजून दोन ढीग. ज्याच्याबरोबर काल जेवले त्याच्यासमोर बसून मोजायचा. उस्ताद सांगायचे तवा गप व्हायचे मधीच."

बायका चुकचुकायच्या. मी टेबलाशी एकटी बसायचे, कान तिकडेच लावलेले आणि डोळे पावत्यांवर.

मग ते टेबलावर नट आणि वॉशर मांडून दाखवायचे. हा मोठा नट म्हणजे दिल्लीचं मोठं ऑफिस, तिथं काय किती लागेल ते ठरतं. हे चार नट म्हणजे मध्यवर्ती डेपो. एकाकडे फक्त कपडे आणि बूट, एकाकडे गाड्या, एकाकडे हत्यारं, असं. त्यांच्याखाली हे छोटे डेपो, मुलखामुलखातले. त्यांच्या पुढे फौजेबरोबर हलणारी सामानाची तुकडी, ट्रकवरच संसार असलेली. आणि हा शेवटचा वॉशर म्हणजे पलटणीचं कोठार. वरून मागणी खाली येत नाही, खालून वर जाते. बर्फातल्या जवानाचा मोजा फाटला की त्याची चिठ्ठी एकेक पायरी वर चढते आणि मोजा एकेक पायरी उतरतो.

"मधी एका ठिकानी नंबर चुकला," सुभेदार म्हणाले, "तर तो मोजा मद्रासला जाईल आनि जवानाचा पाय इकडं काला पडंल. बंदूक चालवनारा दिसतो. आमी नाय दिसत. पन आमची चूक दिसते."

बेटेगावचा म्हातारा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "आमच्या रासनाचा पन असाच होता, चिठ्ठी चढते नि तांदूल उतरत नाय," तो म्हणाला, आणि सगळे हसले. अकरा वर्षांत तो म्हातारा माझ्या टेबलाशी एक शब्द बोलला नव्हता.

वार्षिक मोजणी जवळ आली होती. मॅनेजर स्वतः येऊन पाच-दहा खण उघडायला लावायचे. मी ठरवलं की त्या दिवशी सुभेदारांचा एक तरी खण चुकीचा निघालाच पाहिजे. फक्त एक. मॅनेजरांनी भुवई वर करावी आणि मी हळूच म्हणावं, "आधी असं कधी झालं नव्हतं, साहेब." इतकंच हवं होतं मला.

पंपांची सील शेजारशेजारच्या दोन खणांत होती. सील म्हणजे पंपाच्या दांड्यावर बसणारी, पाणी गळू न देणारी वस्तू, मुठीत मावेल एवढी. एका खणात पस्तीस मिलिमीटरची, दुसऱ्यात अडतीसची. मेणकागदात गुंडाळलेली, बघून फरक कळू नये अशी. सुभेदार बँकेत गेले असताना मी दोन्ही पाट्यांच्या तारा सोडल्या आणि अदलाबदल करून बांधल्या. दोन मिनिटांचं काम. नंतर मी चहा मागवला.

मोजणीला आठ दिवस होते. चौथ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, रिअ‍ॅक्टर गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं सील गेलं. दुसरा पंप आधीच दुरुस्तीला उघडलेला होता. फिटर धावत आला, पस्तीसच्या पाटीखालचं सील उचललं आणि धावत गेला. मी डबा उघडला होता. मला कळलं. कुठल्या पंपाचं सील गेलं आणि त्याने काय नेलं, सगळं कळलं. मी उठले नाही. त्याला हाक मारायची तर काय म्हणून मारायची? मला कसं ठाऊक? मी भात कालवत राहिले.

पंधरा-वीस मिनिटांनी तो परत आला, नखशिखांत भिजलेला. "नंबर बराबर है सुभेदारसाब, लेकिन ढीला बैठता है! पानी फव्वारा मार रहा है!"

आता तरी बोलावं. माझं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात सुभेदारांनी ड्रॉवरमधून मापायचा व्हर्नियर काढला, दोन्ही खणांतल्या एकेका सीलचा मेणकागद फाडला, ते मापलं आणि बरोबर असलेलं फिटरच्या हातात दिलं. एका मिनिटात. माझ्या मदतीची गरज त्यांना तेव्हाही पडली नाही, आणि खरं सांगते, त्या भयंकर क्षणीसुद्धा मला त्याचाच राग आला.

पण वीस मिनिटं गेली होती. रिअ‍ॅक्टर तापत चालला तेव्हा वरून हुकूम आला की माल खाली सोडून द्या. खालचा वाल्व उघडायला बेटेगावचा म्हातारा गेला. गरम रंग त्याच्या उजव्या हातावर उडाला, मनगटापासून कोपरापर्यंत. त्याला जीपमध्ये घालून नेलं तेव्हा तो ओरडत नव्हता. रंगाने निळा झालेला हात समोर धरून, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत होता.

संध्याकाळी मॅनेजरांनी आम्हा दोघांना बोलावलं. सुभेदार उभे राहिले आणि म्हणाले, "पाटी लावताना माझ्याकडून गलती झाली, साहेब. लेखी देतो."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. गप्प राहिले. आणि बाहेर पडताना कृतज्ञता वाटायच्या ऐवजी मला काय वाटलं? की याने हाही मोठेपणा स्वतःच घेतला. माझ्यासाठी उरलं काय, तर लहान होणं.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी बस बदलत त्यांच्या गावाला गेले. ते आणि त्यांची बायको ओटीवर जाळं पसरून बसले होते. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून डागडुजी. बायकोने पाणी दिलं आणि ती आत गेली. मी एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी मान वर केली नाही. "ठाव हाय, बाय. मी तार उजवीकडं पिलतो, दोन येढे. त्या दोन पाट्यांची डावीकडं होती."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"त्या टायमाला सांगून काय? हात बरा झाला असता त्याचा?" मग जाळं बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत राग दिसला. "आनि माझ्याकडं कशाला आलाव? मी भाजलोय? ज्याचा हात भाजला त्याच्याकडं जा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बेटेगावला गेले. म्हातारा पडवीत बसला होता, हाताला पांढरं बँडेज. त्याची म्हातारी चुलीशी होती. मी सांगितलं तशी ती चुलीत फुंकर घालायची थांबली.

"कशापायी केलास?" म्हाताऱ्याने विचारलं.

'तुम्ही सुभेदारांशी बोलायचात, माझ्याशी नाही' हे कुठल्या तोंडाने म्हणणार? मी म्हटलं, "मला त्यांचं बघवत नव्हतं."

त्याने बँडेजकडे पाहिलं. "लावनीला दोन हात कमी हायेत," तो म्हणाला. माफ केलं असं नाही, हाकलूनही दिलं नाही.

मी आणखी दोन दिवसांची रजा घेतली. पहाटे शेतावर पोचले तर चिखलात आधीच दोन माणसं वाकलेली. सुभेदार आणि त्यांची बायको. ते कालपासूनच येत होते म्हणे. बांधावर बसलेला म्हातारा सुभेदारांच्या वाकड्यातिकड्या ओळींना हसत होता, "फौजेत हेच शिकवला का?" म्हणून. मी पदर खोचला आणि चिखलात उतरले. माझ्या ओळी सरळ होत्या. त्याबद्दल कुणी काही म्हणेल म्हणून मी दिवसभर वाट पाहिली, आणि कुणी काही म्हटलं नाही. त्या चिखलात कंबर मोडून वाकले असतानाही माझा मत्सर माझ्याबरोबर ओळीने रोप लावत होता.

मॅनेजरांना मात्र मी सांगितलं नाही. तीन वेळा केबिनच्या दारापर्यंत गेले आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी विचारून परत आले. सुभेदारांची नेमणूक एका वर्षाच्या करारावर होती; वर्ष भरल्यावर त्यांना पुढच्या नेमणुकीचं पत्र मिळालं नाही. त्यांनी लेखी दिलेली चूक फाइलमध्ये होतीच. त्यांच्या शेवटच्या दिवशी पॅकिंगच्या बायका रडल्या. फिटरने कुठून तरी हार आणला. म्हातारा डाव्या हातानेच नमस्कार करून गेला, उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नव्हती. दुसऱ्या सोमवारी मला खुर्ची मिळाली.

ज्या खुर्चीसाठी हे सगळं केलं तिच्यावर मला तीन आठवडे नीट बसता आलं नाही. चौथ्या आठवड्यात मी सगळं एका कागदावर लिहिलं, केबिनमध्ये जाऊन मॅनेजरांच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांचं वाचून होईपर्यंत उभी राहिले. त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यांनी सुभेदारांना परत बोलवायला पत्र पाठवलं. उत्तर आलं की ते आता गावच्या मच्छीमार सोसायटीचं कोठार बघतात, डिझेल, बर्फ, जाळी, आणि तिथं त्यांचं बरं चाललं आहे. माझ्याविषयी त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मॅनेजरांनी माझी खुर्ची काढली नाही. कुणाला ठेवणार होते? पण त्यांनी तो कागद सगळ्या खात्यांत वाचून दाखवला.

बायकांनी हळूहळू माझ्याशी बोलणं सुरू केलं. फिटरने नाही. तो पुढची चार वर्षं, त्याच्या गावी परत जाईपर्यंत, स्टोअरमध्ये यायचा, नंबर बघायचा, वस्तू उचलायचा, सही करायचा आणि जायचा. जाण्याआधी प्रत्येक वेळी खिशातून पट्टी काढून वस्तू मापून बघायचा, माझ्या समोर.