देव्हाऱ्यावरचं जास्तीचं कमळ

नक्षीच्या पट्टीची दोन्ही टोकं एकाच बाजूला तिरकी कापणारी बाई अख्ख्या चिंचवडात एकच झाली, आणि ती मी. तेही कोणाच्या घरात? ज्यांच्यासारखा कोपरा पंचक्रोशीत कुणी जुळवला नाही, त्या माझ्या सासऱ्यांच्या!

मामंजींचा सगळा जीव कोपऱ्यात. दोन पट्ट्या तिरक्या कापून भिडवायच्या, चौकट उन्हाकडे धरायची आणि एक डोळा मिटायचा. "फटीतनं ऊन दिसलं, तर सुताराची अब्रू दिसली," म्हणायचे. मला बघायला आले तेव्हा बाकीचे माझं शिवण, स्वयंपाक विचारत होते. हे भिंतीवरची तसबीर उतरवून तिचे कोपरे तपासत बसले. शेवटी म्हणाले, "पोरगी पसंत हाय. चौकट मातूर बदला." त्यांची करवत चालू असताना घरात शिंकायचीही चोरी. आणि त्या करवतीला हात लावायची मुभा पोटच्या मुलांनाही नव्हती.

मी मात्र सातवी पास, भूमितीत पैकीच्या पैकी! त्यांचा साचा म्हणजे तीन फळ्यांची पन्हळ, तिला उजवी-डावी अशा दोन तिरक्या खाचा. खाचेत करवत घालायची आणि ओढायची, त्यात काय मोठंसं? महिनाभर भुणभुण लावली. रहाटणीचे पाटील संध्याकाळी देव्हारा न्यायला यायचे होते, दुसऱ्या दिवशी त्यांची वास्तुशांत. दर्शनी पट्टी तेवढी राहिलेली, आणि घरातला सागही तेवढाच. मामंजींनी करवत पुढे केली. मी ऐटीत एक टोक कापलं, पट्टी सरकवली आणि त्याच खाचेतून दुसरंही कापलं. लावून बघते तर एक कोपरा चिकटून, दुसरा तोंड फिरवून!

मामंजींनी करवत परत घेतली. चुकलेलं टोक दुसऱ्या खाचेतून कापलं. कोपरा जुळला, पण पट्टी दोन बोटं आखूड. "झाली का भूमिती?" सासूबाई दारातून म्हणाल्या. मी पदरात तोंड खुपसलं. मामंजींनी पट्टी मधोमध कापली, दोन्ही तुकडे कोपऱ्यांना भिडवले आणि मधल्या दोन बोटांत कापून पडलेल्या तुकड्याचं एक कमळ कोरून बसवलं.

पाटील आले, बघतच राहिले. "मामा, ह्ये कमळ ठरलं नव्हतं!"

"न्हाई. सुनंची कल्पना," मामंजी गंभीरपणे म्हणाले.

दिवाळीपर्यंत पार देहूपर्यंत ज्याला त्याला मधे कमळ हवं! माझी चूक अशी घरोघरी देवांच्या डोक्यावर जाऊन बसली.

आता यंत्रं कापतात पट्ट्या. जुळतात, बरं का. तरी मी चौकट उन्हाकडे धरते, एक डोळा मिटते. मग पाटलांची बैलगाडी वळणाआड गेल्यावर मामंजी जे म्हणाले, ते ऐकू येतं:

"करवत घे, सूनबाई. एक काप उजवा, एक डावा. अन् चुकलंच तर रडत बसू नगंस. फूल मी कोरीन."