दुसरा पट्टा

माझा मुलगा नवेद लहानपणापासून कमी बोलतो. त्याचे अब्बा, अनीस, होते तोवर ते कुणाला जाणवलं नाही, कारण ते दोघांच्या वाटचं बोलून घेत. गिऱ्हाइकाशी बोलत, चहावाल्याशी बोलत, कुणीच नसलं तर मशीनला शिव्या देत. नवेद शेजारी पाना धरून उभा असायचा.

जव्हारला आमची पिठाची गिरणी होती. ती बंद पडली तेव्हा अनीसनी नाशिकच्या एका कंत्राटदाराकडून जुना छोटा लोडर घेतला. जीपहून आखूड, पुढे बादली, स्टिअरिंगच्या जागी दोन दांडे. मोठं मशीन जिथे वळत नाही तिथे हा जागच्या जागी फिरतो, म्हणून आमच्या डोंगरातल्या कामांना त्याला मागणी असते. अनीस चालवत आणि नवेद दुरुस्त करी. गेल्या वर्षी अनीस गेले. तेव्हापासून दोन्ही कामं एकटा नवेद करतो.

यंदा पाऊस संपल्यावर त्याला पोशेऱ्याला काम मिळालं. रस्त्याच्या वरच्या अंगाला दगडी भिंत घालत होते, तिच्यामागे भराव टाकायचा. जव्हारहून जीपने रोज जाऊन येता आलं असतं. पण तो तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागला. मशीनजवळ कुणीतरी हवं, म्हणाला. मी फोन केला की उचलायचा, आणि मग बोलायची ती मीच. मध्येच वाटायचं फोन कटला. विचारलं की म्हणायचा, ऐकतोय.

मग पट्टे जळायला लागले.

लोडरचं इंजिन मागे असतं. त्याची ताकद दोन रबरी पट्ट्यांवरून तेलाच्या पंपाला मिळते आणि पंपाच्या जोरावर बादली उचलते. दोन्ही पट्टे शेजारी शेजारी, एकाच पुलीच्या दोन खाचांत. बादली भरून उचलायला गेलं की मागून किंकाळी उठायची, जळक्या रबराचा वास यायचा आणि बादली अर्ध्यावर अडायची. नवेदने आधी गिरणीतला उपाय केला, पट्ट्याला राळ चोळली. दुपारपर्यंत बरं चाललं. मग ताण वाढवला, तर पंपाचं बेअरिंग कण्हायला लागलं. ताण पुन्हा उतरवला. कुठून तेल गळून पट्टा घसरतो का ते पाहिलं. पुल्या एका रेषेत आहेत का म्हणून दोरा ताणून पाहिला. होत्या. दर वेळी जळालेला पट्टा काढून नवा चढवला, आणि तोही जळाला.

शेवटी एका फोनवर तोच बोलला. आणखी एक पट्टा जळला तर लोडर भंगारात देणार आणि मुंब्र्याला मामूकडे जाणार. मुंब्र्याला माझ्या भावाचं गॅरेज आहे. इतकं तो कित्येक दिवसांत एका दमात बोलला नव्हता. बोलला तेही हे. तो गेला की जव्हारच्या घरात मी एकटी उरणार होते. सकाळी डबा भरला आणि पोशेऱ्यावरून जाणारी मोखाड्याची जीप धरली.

भिंतीवर दगड पोचवणाऱ्या बायकांत सुकरी म्हणून पोशेऱ्याचीच एक होती. मी उतरताच तिने ओळखलं.

"तूच ना त्याची आई? तुझा पोर मुका हाय का गं? आम्ही ठरवलंय, बोलला त्या दिशी गूळ वाटू."

बायका हसल्या. मग जवळ येऊन तिने हळूच सांगितलं, की जेवायला बोलावलं तरी तो येत नाही. मशीनच्या मागे पाठ करून बसतो आणि तसाच जेवतो.

नवेद मागचं दार उघडून आत वाकला होता. नवा पट्टा त्याने नुकताच चढवला होता. मला मशीनमधलं काही कळत नाही, पण मी सहज विचारलं, पट्टा ओरडतो तेव्हा तुला दिसतो कसा? वाकूनच त्याने तुटक तुटक सांगितलं. पट्टा ओरडतो ओझं उचलताना. उचलायला सीटवर बसावं लागतं, आणि सीटवरून मागचं काही दिसत नाही. उतरून मागे येईपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. इतके दिवस तो नुसत्या आवाजावरून अंदाज बांधत होता.

"एखादा माणूस ठेव की हाताखाली," मी म्हटलं.

"माणूस ठेवला की त्याच्याशी बोलावं लागतं."

"मग मी बसते सीटवर."

तो नको म्हणाला. खरं तर मलाही नकोच होतं. पण मी चढले. त्याने मांडीवरचा लोखंडी दांडा खाली ओढला आणि डाव्या पायाखालचं पेडल दाखवलं. टाच दाबली की बादली वर, चवडा दाबला की खाली. बाकी कशाला हात लावायचा नाही. बस म्हटलं की पाय काढायचा.

इंजिन सुरू झालं आणि माझे दातसुद्धा थरथरायला लागले. समोर दगडांनी भरलेली बादली. मागे, फिरत्या पट्ट्यांपासून वीतभर अंतरावर, माझा मुलगा, आणि तो मला दिसत नव्हता. बाह्या वर केल्यास का, मी ओरडून विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. माझी टाच दबेना.

"अम्मी, दाब."

"तू बोलत राहा," मी म्हटलं. "तुझा आवाज थांबला की मी पाय काढणार."

मग तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग इंजिनाच्या वर आवाज चढवून.

"इथे आहे मी. हात मागे धरलेत. दाब. उठतेय बादली. पुली फिरतेय सरळ. नवा पट्टा ताणलाय, तारेसारखा. तापतोय. वास येतोय. काढू नको पाय, दाब अजून. जुना... जुना झोके खातोय. अम्मी, हा नवा एकटाच ओढतोय. दुसरा नुसता फिरतोय. बस. बस."

मी पाय काढला. भिंतीवरच्या बायका काम थांबवून ऐकत होत्या. सुकरीने तिथूनच कुणाला तरी गुळाची आठवण करून दिली.

जुना पट्टा अनीसनी लावलेला होता. तो कधी जळला नाही, म्हणून नवेदने तो कधी काढला नाही. गिरणीत एकच पट्टा असायचा. तुटला की बदलायचा, चांगला असेल तर हात लावायचा नाही, हीच आमच्या घरची रीत. इथे दोन होते. जुना इतक्या वर्षांच्या वापराने ताणून सैल झालेला, त्यामुळे सगळं ओझं नव्यावर. बदलायची होती ती जोडी. आणि नवेद तर नाशिकहून दर वेळी दोन पट्टे आणायचा, एक लावायला आणि एक पहिला जळेल तेव्हासाठी. तो दुसरा शेडमध्ये खिळ्याला टांगलेलाच होता.

जुना पट्टा काढायला त्याला बराच वेळ लागला. नट काही घट्ट नव्हते. मी तिकडे पाहिलं नाही.

जोडी चढल्यावर मी पुन्हा टाच दाबली. बादली न अडता, न ओरडता, थेट वरपर्यंत गेली.

"दोन्ही ओढतायत," तो म्हणाला.

हात पुसून त्याने माझ्यासमोरच मामूला फोन लावला. "मी येत नाही, मामू. मशीन उचलतंय." पलीकडे माझा भाऊ बरंच काही बोलत होता. नवेदने ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. डबा आम्ही दोघांनी मशीनच्या सावलीत बसून खाल्ला.

जीपची वाट पाहताना मी म्हटलं, घरी चल, सकाळी परत ये. राहू दे, म्हणाला. बायका तोवर गावाकडे निघून गेल्या होत्या. जीपमध्ये बसल्यावर वळणावरून मागे वळून पाहिलं. तो उतार चढून शेडकडे निघाला होता आणि त्या अख्ख्या उतारावर दुसरं कुणी नव्हतं.

मला हवं होतं तसंच झालं, तो गेला नाही. पण मुंब्र्याच्या गॅरेजवर, वरच्या खोलीत, कामाची चार-पाच पोरं एकत्र राहतात. आंघोळीच्या नंबरावरून भांडतात, एकमेकांची चादर पळवतात, आवाज इतका करतात की माझा भाऊ फोनवर सदा त्यांची तक्रार करत असतो. त्या पोरांनी नवेदला गप्प बसू दिलं नसतं. मी त्याला पोशेऱ्याच्या उतारावर ठेवून घेतलं.